हातासरशी : आटे गेलेला स्क्रू



या सदराकडे येणारी पत्रं बहुतेक गळक्या नळाची, कुरकुरणाऱ्या दाराची नाहीतर कुकरच्या शिट्टीची असतात. यावेळी मात्र बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडहून एका गृहिणीचं पत्र आलं, आणि प्रश्न आहे चक्क इलेक्ट्रिक गिटारचा! वाचायला लागले तेव्हा हसूच आलं. पण शेवटापर्यंत पोचले तेव्हा हसू कुठल्या कुठं गेलं होतं. पत्राचा मुख्य भाग असा :

"माझे धाकटे दीर अकोल्याला नोकरीला असतात. लग्नाआधी ते ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. ती गिटार त्यांनी आमच्या घरी ठेवली आहे. माझा मुलगा बारावीत आहे. दिवाळीत त्याला म्हणाले, 'वाजव खुशाल, पण खोलाखोल करू नको.' महिन्याखाली गिटारमधून खरखर यायला लागली. यानं पेचकस घेतला अन् तारांखालच्या काळ्या डबीचा स्क्रू आवळत सुटला. शेवटी स्क्रू नुसता गरगर फिरायला लागला. आता डबी एका बाजूनं वर येते आणि तारांना लागते. सुतारानं पाहून सांगितलं, जाडा स्क्रू ठोका. दुसऱ्या एकानं सांगितलं, लाकूडच गेलं, आता दुसरी गिटार घ्या. पोळ्याला दीर घरी येणार आहेत. पोरगं म्हणतं, आई, काकाला सांगू नको. मीही अजून तोंड उघडलं नाही. ताई, हे भोक घरच्या घरी बुजतं का? आणि बुजलं, तर मग सांगायचं तरी कशाला? माझं काही चुकतं का?"

म्हणजे प्रश्न दोन आहेत. एक लाकडाचा आणि एक घरातल्या माणसांचा. आधी लाकडाचा घेऊ, कारण तो सोपा आहे. तुमच्या घरी गिटार नसेल म्हणून पान उलटू नका. हाच रोग तुमच्या कपाटाच्या बिजागरीला आणि दाराच्या कडीलाही होतो, आणि औषधही हेच आहे.

ती काळी डबी म्हणजे काय?

तारांखाली जी काळी डबी दिसते तिला पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक असतं आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. एका साध्या पिकअपमध्ये सात-आठ हजारसुद्धा. वरची पोलादी तार छेडली की ती थरथरते, चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो. तोच वायरीतून अँप्लिफायरला जातो आणि मोठा होऊन ऐकू येतो. हालत्या चुंबकानं वीज निर्माण होते हे फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलं, आणि त्याच तत्त्वावरची पहिली इलेक्ट्रिक गिटार अमेरिकेत १९३१-३२ च्या सुमारास तयार होऊन बाजारात आली. मध्ये सुमारे शंभर वर्षं!

आपल्याकडे वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत जो बँजो वाजतो, त्यालाही असाच पिकअप बसवलेला असतो. हे वाद्य मूळ जपानचं. तिथं त्याला ताइशोगोतो म्हणतात. १९१२ मध्ये नागोया शहरात ते तयार झालं. तेव्हा घरात कुणी बँजो पार्टीत असेल, तर त्याच्याही कानावर ही युक्ती घाला.

काही गिटारींत पिकअप स्क्रूंनी सरळ लाकडात बसवतात. डबीखाली स्प्रिंग, रबर किंवा स्पंजचा तुकडा असतो. तो डबीला वर ढकलतो आणि स्क्रू तिला खाली धरून ठेवतात. या ओढाताणीतच डबीची उंची ठरते. एका बाजूच्या स्क्रूनं हात सोडला की ती बाजू वर उसळते. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय.

एक सांगायचं राहिलं. खरखर येत होती ती बहुधा या स्क्रूमुळे नव्हतीच. वायर खोचायची जागा, म्हणजे जॅक, ढिली झाली किंवा वायरच आतून तुटली की गिटार खरखरते. आधी दुसरी वायर लावून पाहायची, मग जॅकची चकती आवळायची. पोटात दुखतंय आणि डोक्याला बाम चोळला, तसं झालं हे.

स्क्रू गरगर का फिरतो?

स्क्रूचे आटे लोखंडाचे. ते सहसा जात नाहीत. जातात ते लाकडातले आटे. पहिल्यांदा स्क्रू बसतो तेव्हा तो लाकडाच्या धाग्यांत आपली वाट कापतो आणि त्या धाग्यांना धरून राहतो. गरजेपेक्षा जास्त आवळला, किंवा पुन्हा पुन्हा काढला-घातला, की ते धागे फाटून भुसा होतात. मग धरायला काही उरत नाही. स्वस्त गिटारींचं अंग नरम लाकडाचं किंवा प्लायवूडचं असतं, तिथं हे लवकर होतं.

म्हणजे लाकूड "गेलेलं" नाही. दोन-अडीच मिलीमीटरच्या भोकाच्या कडा तेवढ्या गेल्यात. त्या भोकात नवं लाकूड भरलं की स्क्रूला पुन्हा धरायला जागा मिळते. आपले सुतार पिढ्यान्‌पिढ्या पाचर मारत आलेत; ही तिचीच धाकटी बहीण.

जाडा स्क्रू ठोकायचा सल्ला कपाटाला चालला असता. इथं नको. पिकअपच्या कानातलं भोक ठरावीक मापाचं असतं. जाडा स्क्रू त्यातून जाणार नाही. जबरदस्ती केली तर कान तुटेल, आणि मग खरोखरच खर्च निघेल.

आधी एवढं तपासा

स्क्रू कशात जातोय? लाकडात जात असेल तर पुढची कृती करा. पिकअपभोवती प्लास्टिकची चौकट असून तिच्या चार कोपऱ्यांतले स्क्रू लाकडात जात असतील, तरीही हीच कृती. पण स्क्रू पिकअपच्याच धातूच्या पट्टीत जात असेल आणि तिथले आटे गेले असतील, तर काडी-गोंदाचा उपयोग नाही. ते काम वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या.

साहित्य

दात कोरायच्या बांबूच्या गोल काड्या चार-पाच, लाकडाला लावायचा पांढरा गोंद (फेव्हिकॉलसारखा), कागदी चिकटपट्टी, धारदार ब्लेड, दाभण, दीड मिलीमीटरचं ड्रिलचं पातं, मेणबत्तीचा तुकडा, ओलं फडकं, आणि स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा पेचकस.

टूथपिक मिळाल्या नाहीत तर उदबत्तीची खालची मोकळी काडी घ्या, तीही बांबूचीच असते. मसाला लागलेला भाग आणि रंग खरवडून टाका. आगपेटीची काडी चालते, पण ती नरम असते. बांबूचं काम जास्त टिकतं. आगपेटीचीच वापरायची तर गूल आधी तोडून टाका.

कृती

१. गिटारची वायर अँप्लिफायरपासून काढून ठेवा. सगळं सुटं करण्याआधी फोनवर एक फोटो काढा. परत जोडताना तोच गुरू.

२. तारा ढिल्या करा. एकच खुंटी पूर्ण सोडू नका. सगळ्या तारा थोड्या थोड्या, सारख्या उतरवा. ताणलेली तार सुटली तर थेट डोळ्यावर येते, म्हणून तोंड लांब ठेवा. लहान मुलांना जवळ बसवू नका.

३. दुसऱ्या बाजूचा चांगला स्क्रू हलक्या हातानं काढा आणि डबी उचला. तिच्या खाली दोन बारीक वायरी असतात, त्यांना हिसका देऊ नका. डबी मऊ फडक्यात गुंडाळून बाजूला टेकवा. खालचा स्प्रिंग किंवा स्पंज कसा बसला होता ते बघून ठेवा. डबी चुंबकाची आहे, त्यामुळे पेचकस जवळ नेला की ती ओढून घेते. टोक वेढ्यांवर आपटलं तर केसाएवढी तार तुटते आणि पिकअप कायमचा मुका होतो. सगळ्या कामात खरा धोका एवढा एकच आहे. भांडी घासायचा तारेचा काथ्याही आसपास नको; त्याचा कीस चुंबकाला चिकटतो तो निघता निघत नाही.

४. भोकातला भुसा सुईनं काढा, फुंकर मारा. भोवती कागदी चिकटपट्टी लावा, म्हणजे पॉलिशवर ओरखडा येणार नाही.

५. आता गोंद न लावता काडी घालून बघा. ती तळापर्यंत जायला हवी. एक सैल वाटली तर दोन घाला, मापात बसत नसेल तर एक उभी चिरून घ्या. घट्ट बसावी, पण ठोकावी लागू नये. ठोकलं तर लाकूड तडकतं. किती खोल गेली तिथं पेन्सिलीनं खूण करा.

६. काड्यांना गोंद लावा, थेंबभर भोकातही सोडा आणि काड्या खुणेपर्यंत सारा. वर आलेला गोंद ओल्या फडक्यानं लगेच पुसा. गोंदाची बाटली पिकअपवर कलंडणार नाही अशी लांब ठेवा.

७. आता थांबा. एरवी चोवीस तास पुरतात. पण पोळा म्हणजे ऐन श्रावणाची अमावस्या. पावसाळी हवेत गोंद उशिरा वाळतो. दोन दिवस द्या. वरून सुकलेला दिसतो म्हणून घाई केली, की आतला ओला गोंद काड्यांसकट फिरतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

८. वाळल्यावर काड्यांचं वरचं टोक ब्लेडनं लाकडाच्या पातळीत कापा. एकदम नको, दोन-तीनदा थोडं थोडं.

९. बरोबर मधोमध दाभणानं टोचून खूण करा. मग दीड मिलीमीटरचं पातं हाताच्या चिमटीत धरून हळूहळू फिरवा. विजेचं ड्रिल नको. एवढ्याशा कामाला ते आवरत नाही. स्क्रू जितका खोल जाणार तितक्या अंतरावर पात्याला चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे जास्त खोल जायची भीती नाही. हे बारीक भोक न पाडता स्क्रू घुसवला तर काड्या फाकतात आणि लाकडाला चीर जाते.

१०. स्क्रूच्या आट्यांना मेण चोळा. साबणही लोक लावतात, पण साबण ओल धरतो आणि स्क्रू गंजतो. आधी डबीशिवाय नुसताच स्क्रू आत घालून बाहेर काढा, नवे आटे पडतील. मग डबी ठेवा. स्क्रू भोकात टेकवून आधी उलटा फिरवा; एका जागी बारीकसं टक्‌ लागेल. तिथून सुलटा फिरवा, म्हणजे तो पाडलेल्या आट्यांतच जाईल, नवी वाट कापणार नाही. बरणीचं झाकण लावताना आपण हेच करतो.

११. तारा स्वरात लावा. मानेवरच्या शेवटच्या धातूच्या पट्टीवर तार दाबून धरली असता डबीचं टोक आणि तार यांत साधारण दोन मिलीमीटर अंतर ठेवा. डबी फार जवळ आली तर चुंबक तारेलाच ओढतं आणि सूर डळमळतो. आणि आवळायचा किती? स्प्रिंगनं डबी नीट तोलून धरली की पुरे. मनगटाचा जोर इथं लावायचाच नाही, बोटांचा पुरतो.

हे करू नका

भोकात गोंद ओतून त्यातच स्क्रू बसवू नका. आज घट्ट बसेल, पण उद्या उंची बदलायची वेळ आली की निघणार नाही. झटपट चिकटणारं पातळ रसायन पिकअपच्या जवळपास वापरू नका. ते वाहून वेढ्यांत शिरतं, शिवाय बोटं चिकटतात ती वेगळीच. नळाच्या गळतीला भरायचा लांबीसारखा लगदा लाकडाच्या बारीक भोकात भरू नका. लाकडाला लाकूडच भावतं. आणि पिकअपची वायर तुटून आली असेल तर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडून डाग देऊन घ्या, नुसती गुंडाळून ठेवू नका.

घरात आणखी कुठं?

कपाटाचं दार लोंबकळतंय? बिजागरीच्या वरच्या स्क्रूंनी हात सोडलाय. तिथं भोक मोठं असतं, म्हणून टूथपिकऐवजी बांबूची कामटी तासून घाला. भार मोठा असेल तर पंधरा-वीस मिलीमीटर लांब स्क्रू घ्यायलाही हरकत नाही, पण फळीची जाडी बघून. भजनाच्या पेटीच्या भात्याचे बिजागरे असेच ढिले होतात, त्यांनाही हीच कृती. मात्र पेटीच्या आतले सूर बसवलेले असतात तिथले स्क्रू आपण हाताळू नयेत. तिथं गोंदाचा एक थेंब सांडला तरी सूर बसतो. आणि भुशाच्या दाबलेल्या फळीचं फर्निचर असेल तर काड्यांनी काम चालतं, पण फार दिवस नाही. ती फळीच ठिसूळ असते.

आता दुसरा प्रश्न

रोहिणखेडच्या भगिनी, काम नीट जमलं तर दिरांना काही कळणार नाही. भोक स्क्रूखाली, स्क्रू डबीत, डबी तारांखाली. कोण बघतंय? खरं सांगायचं तर म्हणूनच मला तुम्हाला थांबवावंसं वाटतं.

माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. सासूबाईंच्या देव्हाऱ्याचं दार माझ्या हातून जोरात उघडलं गेलं आणि बिजागरीचा स्क्रू निखळला. घरात कुणी नव्हतं. मी भोकात आगपेटीच्या काड्या कोंबल्या, स्क्रू दाबून बसवला आणि गप्प राहिले. गोंद लावायचा असतो हे कुठं माहीत होतं! सहा महिन्यांनी, गणपतीच्या आदल्या दिवशी, दार हातात आलं. मी म्हणाले, "अगबाई, कसं काय निघालं!" सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आगपेटीतल्या तीन काड्या त्या दिवशीच कमी होत्या. तू सांगशील म्हणून वाट बघत होते."

रागावल्या नाहीत. पण सहा महिने त्या रोज त्या दारापुढं बसून पूजा करत होत्या आणि रोज वाट बघत होत्या, हे मनातून अजून जात नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. गिटार दिरांची आहे. दुरुस्तीही त्यांना विचारूनच व्हायला हवी. पोळ्यापर्यंत थांबू नका, आजच फोन लावा. फोन मुलानं करायचा, तुम्ही शेजारी बसायचं. "काका, तुम्ही नको म्हटलं होतं तरी मी स्क्रू फिरवला आणि आटे गेले," एवढं त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हणू दे. "झाले" नव्हे, "मी केले". नंतर फोन तुम्ही घ्या आणि सांगा, "भाऊजी, मलाही महिनाभर माहीत होतं, मी बोलले नाही." हे वाक्य टाळू नका. मुलाची चूक पाच मिनिटांची आहे. पुढच्या महिनाभराच्या गप्प बसण्यात तुमचाही वाटा आहे, आणि मुलगा ते बघतोय.

दीर रागावतील? रागावतील. जीव लावलेली वस्तू आहे, दोन शब्द बोलायचा त्यांचा हक्क आहे. ते ऐकून घ्या. मग ही कृती त्यांना सांगा. "मी येईपर्यंत हात लावू नका," म्हणाले तर लावू नका. डबी स्पंजावर तशीच राहू दे, तारा तेवढ्या उतरवून ठेवा. "करा," म्हणाले तर काम मुलाच्या हातानं होऊ दे. तुम्ही फक्त काडीचं माप आणि गोंदाचा वेळ सांभाळा. त्याआधी जुन्या फळीच्या तुकड्यावर एकदा सराव करायला लावा. मुद्दाम एक भोक पाडा, ते आवळून आवळून बिघडवा आणि भरून बघा. किती आवळलं की लाकूड सोडतं, हे बोटांना त्यातूनच कळतं. सांगून ते कळत नाही; दिरांनी दिवाळीत सांगितलंच होतं की.

आणि "नवी गिटार घ्या" म्हणणाऱ्याचं मनावर घेऊ नका. दोन काड्या आणि थेंबभर गोंदाचं काम आहे.

पोळ्याला पुरणाच्या पोळ्या झाल्या, बैल घरी आले, की रात्री काका-पुतण्यानं ती गिटार वाजवावी आणि डबीखाली काय भरलंय ते दोघांनाही ठाऊक असावं, एवढंच मला वाटतं. काय झालं ते दोन ओळींत जरूर कळवा.

पुढच्या वेळी पावसानं फुगलेली दारं-खिडक्या. रंधा कधी मारायचा आणि कधी नुसतं थांबायचं, ते पाहू.

तुमची,
ताई